एमजीबीचे जुळे एसयू कार्ब्युरेटर: निवडीपासून ट्यूनिंगपर्यंत

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत एक प्रसंग हमखास येतो. इंजिन गरम झाले की सिग्नलला थरथरू लागते, एक्सलरेटर दाबल्यावर क्षणभर गुदमरते, एक्झॉस्टमधून फटाके वाजतात, आणि नवखा मालक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट कार्ब्युरेटरकडे वळतो. दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. फिरवाफिरवीत पहिले सेटिंग मात्र हरवते आणि मग एका दोषाचे दोन होतात. या लेखात एमजीबी ही एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवून, कार्ब्युरेटर कोणता ठेवावा, त्याची तपासणी कशी करावी आणि ट्यूनिंग कोणत्या क्रमाने करावे हे सांगितले आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेल्या या गाडीत १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन असते. अ‍ॅम्बॅसडरच्या बॉनेटखाली अनेक वर्षे असलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले असल्यामुळे, त्या गाडीचे टॅपेट ज्याने कधी लावले आहेत त्याला येथील बरेचसे काम ओळखीचे वाटेल.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पादत्राणांच्या व्यापारातील स्किनर घराण्यातल्या बंधूंनी हा कार्ब्युरेटर पुढे आणला, आणि सुरुवातीच्या नमुन्यांत आजच्या पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली, त्यामुळे मॉरिस गॅरेजेसच्या म्हणजे एमजीच्या गाड्यांवर एसयू बसणे ही घरचीच गोष्ट होती. रचना अशी की इंजिनाने ओढलेल्या हवेच्या प्रमाणात एक पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट तेवढीच मोठी होते, आणि पिस्टनच्या तळाशी अडकवलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल बाहेर येणाऱ्या बारीक भोकातून, वर सरकून तेवढेच जास्त पेट्रोल सोडते. हवेचा वेग जेटवर जवळपास स्थिर राहतो, म्हणून एकाच जेटवर सगळ्या वेगांचे भागते. आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींत सीव्ही कार्ब्युरेटर आले त्यांचे तत्त्वही हेच आहे.

कोणता ठेवावा

आधी गाडीवर काय बसले आहे ते ओळखावे. एसयूच्या नावातला आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश: एचएस२ म्हणजे सव्वा इंच, एचएस४ म्हणजे दीड इंच, एचएस६ म्हणजे पावणेदोन इंच. एमजीबीला आरंभी दोन एचएस४ होते. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जागी एचआयएफ४ आले, ज्यांत फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलचा साठा ठेवणारा कप्पा, बाजूला लटकत नसून कार्ब्युरेटरच्या पोटातच असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७५ आणि त्यानंतरच्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांमुळे एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग देण्यात आला. फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर एयूडी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. पट्टी शाबूत असेल तर मूळ सुई आणि स्प्रिंग कोणती होती हे कोष्टकातून लगेच सापडते. ती काढून फेकणाऱ्यांची संख्या दुर्दैवाने मोठी आहे.

आता वेबरचा मोह. दोन तोंडांचा आडवा इटालियन वेबर डीसीओई दिसायला देखणा, आवाजाला त्याहून देखणा, आणि लोटस इलानसारख्या गाडीत तो शोभतोही, कारण तिथे दोन वेबरची चार तोंडे चार सिलिंडरांना एकास एक जोडलेली असतात. एमजीबीच्या हेडमध्ये मात्र चार सिलिंडरांना मिळून इनलेट पोर्ट दोनच आहेत: पहिला आणि दुसरा सिलिंडर एका पोर्टवर, तिसरा आणि चौथा दुसऱ्यावर. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्या सिलिंडरच्या पाठोपाठ लगेच पहिला हवा ओढतो, मग तिसरा आणि त्याच्या पाठोपाठ चौथा. म्हणजे पुढच्या पोर्टमधून लागोपाठ दोन घोट, मग मागच्या पोर्टमधून लागोपाठ दोन घोट, असा प्रकार चालतो, आणि जोडीतल्या दोन सिलिंडरांच्या वाट्याला येणारे मिश्रण कधीच अगदी सारखे नसते. मॅनिफोल्डमधला बॅलन्स पाइप ही ओढ थोडी वाटून घेतो. एका वेबरची दोन तोंडे शेवटी याच दोन पोर्टांना जोडायची असतात, त्यामुळे मूळ कॅम आणि मूळ हेड असलेल्या इंजिनात खर्चाच्या मानाने फारसे काही हाती लागत नाही. वर व्हेंचुरी, मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट आणि पंप जेट हे सगळे निवडायचे, आणि एअर फिल्टरसाठी जागा अरुंद उरते ती वेगळीच. शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. तिथे वेबर जरूर घ्यावा.

रस्त्यावर चालवण्याच्या गाडीसाठी माझे मत स्पष्ट आहे: दोन एचएस४ असतील तर तेच ठेवावेत, एचआयएफ४ असतील तर तेही ठेवावेत. पावणेदोन इंची एचएस६ हेड आणि कॅम बदलल्यानंतरच विचारात घ्यावेत. दोन कार्ब्युरेटरांचा मेळ घालण्याचा कंटाळा असेल तर एकच एचआयएफ४४ (इथे आकडा मिलिमीटरचा) आणि त्याचे मॅनिफोल्ड हा तडजोडीचा मार्ग आहे. अमेरिकी गाडीवरचा स्ट्रॉमबर्ग अशक्त वाटला तर आधी त्याचा रबरी पडदा फाटला आहे का ते पाहावे. पडद्याला भोक पडले की पिस्टन वर येत नाही आणि गाडी चढावर दम टाकते, आणि हा दोष नव्या पडद्याने जातो. जुने एसयू विकत घेताना थ्रॉटलची दांडी बोटांनी वर-खाली हलवून पाहावी आणि पिस्टन व त्यावरची टोपी, म्हणजे सक्शन चेंबर, एकाच जोडीतले असल्याची खात्री करावी. कारखान्यात ते जोडीने जुळवलेले असतात, अदलाबदल केली तर पिस्टन अडतो किंवा हवा गळते.

स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी

कार्ब्युरेटर ही ट्यूनिंगची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी टॅपेटची: इंजिन थंड असताना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नंतर पॉइंटची फट तेवढीच, प्लगची फट ०.०२५ इंच, आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. सुरुवातीच्या हाय-कॉम्प्रेशन इंजिनांसाठी स्थिर टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे इंजिनाचा पिस्टन सर्वांत वर येण्याच्या, आधी १० अंश असे दिलेले आहे. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे असल्यामुळे आपल्या इंजिन क्रमांकाचे पुस्तक पाहावे. स्ट्रोबने, म्हणजे टायमिंग दाखवणाऱ्या लुकलुकत्या दिव्याने, टायमिंग पाहताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे. डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकली असतील तर अ‍ॅडव्हान्स पुढे सरकत नाही आणि गाडी सुस्त होते; नवखा माणूस त्याला मिश्रणाचा दोष समजतो. कॉम्प्रेशनही मोजून घ्यावे, कारण एका सिलिंडरचे व्हॉल्व्ह जळालेले असतील तर दोन्ही कार्ब्युरेटर कितीही फिरवले तरी इंजिन सारखे चालणार नाही.

दुसरी गोष्ट हवेची गळती. जिथून हवा शिरायला नको तिथून ती शिरते तेव्हा मिश्रण लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी पडते, आणि ते कमी-जास्त प्रमाणात होत असल्यामुळे आयडल, म्हणजे एक्सलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, कधी वर, कधी खाली जाते. मॅनिफोल्डचे पॅकिंग, कार्ब्युरेटरमागचा उष्णतारोधक ठोकळा, ब्रेक सर्व्होची नळी, आणि टॅपेट-कव्हरपासून कार्ब्युरेटरकडे येणारा क्रँककेसचा श्वासपाइप हे सगळे तपासावे. सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र थ्रॉटलची झिजलेली दांडी. दांडी जिथे कार्ब्युरेटरच्या शरीरातून आरपार जाते तिथे पन्नास-साठ वर्षांत भोक लंबगोल होते. तिथे हाताला खेळ जाणवला तर पुढे जाऊ नये. नवी दांडी बसवून पाहावी, तरीही खेळ राहिला तर भोक मोठे करून बुश घालून घ्यावे, आणि हे काम मशीनवर अचूक करणाऱ्याकडेच द्यावे. काही गाड्यांच्या थ्रॉटलच्या चकतीत स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो. ती स्प्रिंग दमली की आयडल खाली येत नाही. अशी चकती बदलून साधी चकती घालणे सोपे पडते.

उघडून तपासणे

बॅटरीची तार काढावी, अग्निशामक जवळ ठेवावे, आणि सक्शन चेंबर व त्याचे शरीर यांवर जुळणीची खूण करून मगच स्क्रू काढावेत. पिस्टन आणि चेंबर आतून फक्त पेट्रोलमध्ये किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावेत. पॉलिश पेपर अजिबात लावू नये. पिस्टनच्या बाजूला तेल लावायचे नसते, ते फक्त मधल्या दांडीवर थेंबभर. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी समपातळीत आहे का, सुईवर एका बाजूला चकचकीत घासल्याची खूण आहे का, आणि जेटचे भोक गोल राहिले आहे का, हे भिंगातून पाहावे. घासलेली सुई आणि लंबगोल जेट असतील तर दोन्ही बदलावेत, एकटी सुई बदलून भागत नाही.

सुई घट्ट बसवलेली असेल तर, म्हणजे जुन्या एचएसमध्ये, जेट मध्यावर आणावा लागतो. जेटचा मोठा लॉकनट ढिला करून, जेट वरपर्यंत नेऊन, पिस्टन हलकेच खाली दाबून नट आवळावा. मग पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की तो पुलावर, म्हणजे जेटभोवतीच्या उंचवट्यावर, ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करून पडला पाहिजे, आणि जेट खाली उतरवल्यावरही तोच आवाज आला पाहिजे. आवाज मंद आला तर पुन्हा मध्यावर आणावा. हे काम चार-पाच वेळा करावे लागले तरी त्रासून जाऊ नये. नंतरच्या स्प्रिंगवाल्या सुया मुद्दाम एका बाजूला टेकून राहतात, त्यांना हे लागत नाही.

फ्लोट चेंबरचे झाकण उलटे धरावे. नायलॉनचा फ्लोट असलेल्या एचएस४मध्ये झाकणाची कड आणि फ्लोट यांच्यामध्ये ३ ते ५ मिमी जाडीची सळई जेमतेम मावली पाहिजे. ड्रिल बिटची मागची बाजू हे त्यासाठी उत्तम माप आहे. पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोट-नीडल आणि तिची बैठक दोन्ही बदलावीत, आणि पंपाचा दाबही पाहावा. एसयूची नीडल साधारण तीन पीएसआयच्या आसपासचा दाब सहन करते, आधुनिक इंजेक्शनचा पंप लावला तर ती हार मानते.

जुळवताना डॅशपॉटमध्ये, म्हणजे सक्शन चेंबरच्या वरच्या नळीत, एसएई २० दर्जाचे तेल पिस्टनच्या पोकळ दांडीच्या वर सुमारे १३ मिमीपर्यंत भरावे. हे तेल एकदम एक्सलरेटर दाबल्यावर पिस्टनला झटक्याने वर उडू देत नाही आणि त्या क्षणी मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, ठेवते. ते संपले की गाडी एक्सलरेटर दाबल्यावर गुदमरते, आणि हा दोष दोन मिनिटांत दुरुस्त होतो. पिस्टनवरची स्प्रिंग एमजीबीला लाल रंगाची असते. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी असा प्रकार जुन्या गाड्यांत सर्रास सापडतो, आणि तशा गाडीचा मेळ कधीही बसत नाही.

एअर फिल्टरच्या पॅकिंगबद्दल एक सांगायलाच हवे. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या पट्टीवर दोन बारीक भोके असतात. पिस्टनच्या खाली बाहेरची हवा तिथून पोहोचते. पॅकिंग उलटे बसले की भोके बुजतात आणि पिस्टन नीट वर येत नाही. मी माझ्या गाडीत दोन रविवार मिश्रणाचे नट फिरवण्यात घालवले होते. तिसऱ्या रविवारी फिल्टर काढून गाडी चालवली तेव्हा ती सुतासारखी सरळ पळाली, आणि दोष माझ्याच हाताने उलटे बसवलेल्या कागदाच्या एका पॅकिंगचा निघाला.

ट्यूनिंग

इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवून आणावी. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे रेडिएटर तापते, पण बाकीचे इंजिन तापत नाही. दार उघडे ठेवावे, कारण एक्झॉस्टचा धूर बंद जागेत जीव घेतो. फिल्टर काढावेत. दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प ढिले करावेत आणि चोकच्या दांडीचेही. प्रत्येक आयडल स्क्रू थ्रॉटल पूर्ण बंद होईपर्यंत मागे घेऊन मग दीड वळसा आत घालावा. मिश्रणासाठी पिस्टन बोटाने उचलून धरून जेट पुलाच्या समपातळीत येईपर्यंत खालचा नट वर न्यावा आणि तिथून दोन वळसे, म्हणजे नटाच्या बारा बाजू मोजून, खाली उतरवावा. एचएसमध्ये नट खाली म्हणजे रिच, वर म्हणजे लीन. एचआयएफमध्ये नट नसून बाजूला स्क्रू असतो: तोही जेट समपातळीत आणून घड्याळाच्या दिशेने दोन वळसे फिरवावा, त्या दिशेला रिच.

इंजिन सुरू करून आधी हवेचा मेळ बसवावा. वारा मोजणारे छोटे मीटर मिळते, पण हातभर लांब रबरी नळीही चालते. तिचे एक टोक कानाला आणि दुसरे टोक प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाजवळ एकाच जागी धरून ‘सूऽऽ’ हा आवाज ऐकावा. ज्याचा आवाज मोठा त्याचा आयडल स्क्रू किंचित मागे, दुसऱ्याचा किंचित पुढे, असे करत दोन्ही सारखे आणि आयडल मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या जवळ आणावे.

मग मिश्रण. दोन्ही नट एकदम, एक-एक बाजू, म्हणजे वळशाचा सहावा भाग फिरवत, इंजिनाचा वेग सर्वाधिक होईपर्यंत जावे. तिथून दोन्ही नट हळूहळू वर न्यावेत आणि वेग उतरायला लागला त्या क्षणी थांबून, वेग परत मिळण्यापुरतेच खाली आणावेत. वेग वाढला असेल तर आयडल स्क्रूने पुन्हा खाली आणावा, आणि तसे केल्यावर हवेचा मेळ परत ऐकावा. या कामाला तीन मिनिटांहून जास्त लागू लागली तर मध्येच इंजिनाला २,५०० फेऱ्यांवर मिनिटभर रेस द्यावी, नाहीतर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साठते आणि कान व हात दोघेही फसतात.

नंतर प्रत्येक कार्ब्युरेटरची वेगळी परीक्षा. शरीराखाली पिस्टन उचलणारी छोटी पिन असते. तिने पिस्टन मिलिमीटरभरच, खरे तर ०.८ मिमी, उचलावा. वेग वाढून तसाच टिकला तर मिश्रण रिच आहे. वेग पडला किंवा इंजिन बंद होऊ लागले तर लीन आहे. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा होता तिथे आला तर बरोबर आहे. बॅलन्स पाइपमुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या परीक्षेत उमटतो, म्हणून एकाला अर्धी बाजू फिरवली की दुसऱ्यालाही परत तपासावे. पिन जास्त उचलली तर कितीही चांगले मिश्रण लीनच भासते. नवख्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

मेळ बसल्यावर थ्रॉटलची दांडी आवळण्याआधी, तिचा अंकुश आणि कार्ब्युरेटरचा चिमटा यांच्यामध्ये ०.०१२ इंचाचा फीलर धरून क्लॅम्प आवळावेत, म्हणजे आयडलला दांडी कुणालाच ढकलत नाही आणि एक्सलरेटर दाबल्यावर दोघे एकाच क्षणी उघडतात. मग एक्सलरेटरने इंजिन १,५०० फेऱ्यांवर धरून आवाज पुन्हा ऐकावा. आयडलला मेळ आणि १,५०० ला बेमेळ असेल तर दोष दांडीच्या जोडणीत आहे. एचएसमध्ये चोक ओढल्यावर दोन्ही जेट एकदमच खाली उतरायला लागतात का हे पाहावे आणि केबलला १.५ मिमीचा ढिलेपणा ठेवावा. चोकची तार ताणलेली राहिली तर जेट पूर्ण वर येत नाही, गाडी रिच चालते, प्लग काजळी धरतात.

सुईचा प्रश्न

वर जे काही केले ते आयडलचे झाले. त्यापुढच्या प्रत्येक वेगाला किती पेट्रोल मिळणार हे सुईचा आकार ठरवतो. सुईची जाडी दर अष्टमांश इंचाला मोजून कोष्टकात दिलेली असते आणि प्रत्येक आकाराला एक खूण असते. एचएस४ असलेल्या एमजीबींत वर्षानुसार एमबी, ५ आणि एफएक्स या सुया आल्या. फिल्टर बदलला, एक्झॉस्ट बदलला, किंवा कॅम बदलला तर मूळ सुई मधल्या वेगाला लीन पडू शकते. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढाला एक्सलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढावी, इंजिन एकदम बंद करून क्लच दाबावा आणि सुरक्षित जागी थांबून प्लग काढून पाहावेत. पांढरट प्लग म्हणजे लीन, काळी कोरडी काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे जमले. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावता आला तर काम सोपे: पूर्ण एक्सलरेटरला हवा-पेट्रोलचे प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान आणि सरळ रस्त्यावर १४ च्या आसपास यावे. नट फिरवून मधला वेग दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. तसे केले की आयडल बिघडते.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या ९५ ऑक्टेन पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात तर आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपर्यंत मजल गेली आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण लीन पडते, म्हणून नट एखादी बाजू खाली उतरवावा लागतो आणि २० टक्क्यांवर रिच सुई लागू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने रबर त्यात फुगते आणि तडकते. पंपापासून फ्लोट चेंबरपर्यंतच्या सर्व नळ्या एसएई जे३०आर९ दर्जाच्या घ्याव्यात आणि फ्लोट-नीडलचे टोक व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, असावे. ब्रिटनमधल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडू लागले की अनेकजण गाडी मार्चपर्यंत उभी करून ठेवतात. तेव्हा पंपाची तार काढून, फ्लोट चेंबरमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वसंतात जेटवर हिरवट चिकट थर साचलेला सापडत नाही.